ओळखीचे गाव आणि कॅमेरा

सुट्टी लागली, की तुम्ही घरच्यांबरोबर आजोळी जाता. समजा, तुमचे आजोळ मुरूडजवळचे राजपुरी आहे. समोर समुद्रात जंजिरा किल्ला. तो तुम्ही लहानपणापासून पाहता, म्हणून आता नीट पाहतच नाही! छायाचित्रण शिकायला असेच गाव चांगले. परक्या गावी घाई असते. येथे राहून गेलेले चित्र उद्या पुन्हा घेता येते.

एक प्रयोग करा. किनाऱ्यावर एक जागा ठरवा. तेथून सकाळी किल्ल्याचे छायाचित्र घ्या आणि सायंकाळी दुसरे घ्या. मोबाइलनेही चालेल. किल्ला राजपुरीच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, म्हणून बुरुज आणि तटाचे दगड स्पष्ट दिसतात. सायंकाळी सूर्य किल्ल्यामागे जातो. मग तोच किल्ला काळ्या सावलीसारखा दिसतो.

क्षितिजाची रेषा सरळ धरा. ती तिरकी आली, तर समुद्राचे पाणी सांडेल असे वाटते! शिडाची होडी आली, तर तीही चित्रात घ्या. तिच्यामुळे किल्ला केवढा मोठा आहे ते कळते.

मासळी वाळवणाऱ्या बाईंचे छायाचित्र हवे असेल, तर आधी त्यांना विचारा. त्या 'नको' म्हणाल्या, तर कॅमेरा खाली ठेवा.

आणि नानी? आमच्या घरी किल्ल्याची पुष्कळ छायाचित्रे आहेत. नानी एकातही नाही. ती नेहमी स्वयंपाकघरात असायची. तुमची नानी खिडकीजवळ तांदूळ निवडत बसली, की खिडकीच्या बाजूला उभे राहा. तिचा उजेड अडवू नका.