कोकण सोडलं की कोकणी

१९८१च्या जूनमध्ये मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत रुजू झाले. माहेर गुहागरकडचं, सासर नाशिकचं, आणि नोकरी अशा ठिकाणी की एसटीतून उतरल्यावर चिखल तुडवत चालायचं. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी दाखल-खारीज रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. ‘बाई, तुमचं अक्षर बरं दिसतंय. नवी नावं तुम्हीच चढवा.’ आधीच्या नोंदी कशा केल्यात ते बघावं म्हणून मी पानं चाळली. मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात. जातीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: कोकणी, कोकणी, कोकणी. मधूनच एखादा वारली.

मला वाटलं, नव्या बाईची कुणीतरी गंमत करतंय. इथे समुद्राचा वास नाही, नारळाचं झाड औषधालाही नाही, आणि अख्खी शाळा कोकणी?

दुपारी एका मुलाची आजी शाळेच्या पायरीवर येऊन बसली. ‘बाई, तू कुठली?’ मी म्हटलं, ‘कोकणातली. कोकणी.’ ती एकदम खुलली. ‘मंग तू आमचीच.’ दुसऱ्या दिवशी नातवाच्या हाती फडक्यात बांधलेली भाकरी आणि खुरासणीची चटणी आली. भाकरी आमच्या आईच्या हातची असावी तशीच, वीटकरी रंगाची. संध्याकाळी आजी भेटली तेव्हा म्हटलं, ‘नाचणीची भाकरी छान होती हो.’ ती म्हणाली, ‘नाचणी कसली? नागली.’

म्हणजे आमचं धान्य एक होतं आणि नावं दोन. आम्ही स्वतः मात्र दोन होतो आणि नाव एक. पुढची पस्तीस वर्षं या गुंत्याने माझी पाठ सोडली नाही.

सुरगाण्याच्या त्या मुलांची जमात म्हणजे कोकणा. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत तिची नोंद तीन नावांनी एकत्रच आहे: कोकणा, कोकणी, कुकणा. नाशिक, धुळे, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांत आणि पलीकडे गुजरातेत डांग, वलसाड, नवसारी या भागांत ही माणसं राहतात. त्यांच्या बोलीलाही कोकणी किंवा कुकणा म्हणतात. मराठी, गुजराती आणि अहिराणी या तिन्ही भाषांचं वारं तिला लागलेलं आहे. पहिले दोन महिने मुलं आपसांत बोलायला लागली की मी फक्त ऐकत राहायची. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा थाळगाण ऐकलं. काशाच्या थाळीला मध्यावर मेण लावून त्यात एक काडी उभी करतात आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमायला लागते, आणि त्या सुरावर रात्रभर कथा चालते.

मग यांना कोकणी का म्हणायचं? त्यांच्याच जुन्या माणसांचं सांगणं असं, की आमचे पूर्वज कोकणातून इकडे आले. कधी, कोणत्या दुष्काळात, कोणत्या वाटेने, याच्या तपशिलात प्रत्येक गावाची कथा वेगळी. पण ‘तिकडून आलो’ एवढं सगळीकडे सारखं. हे वाक्य तेव्हा मी कानाआड केलं. त्याचं महत्त्व पुष्कळ उशिरा कळलं.

एकदा एका प्रशिक्षणाच्या ठिकाणी कारकुनाने मला विचारलं, ‘तुम्ही कोकणी ना? मग जमातीचा दाखला का जोडला नाही?’ मी म्हटलं, ‘अहो, मी कोकणातली कोकणी. यादीतली नव्हे.’ त्याने थोडा विचार केला आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं: ‘कोकणी (कोकणातली)’. हसू आलं खरं, पण ज्यांच्या पोरांचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती त्या एका शब्दावर अवलंबून असते, त्यांना या गोंधळाचं हसू येत नाही. तेव्हापासून रजिस्टरमध्ये जात लिहिताना मी नुसतं ‘कोकणी’ कधी लिहिलं नाही. पुढे जमातीचा उल्लेख करायचाच.

दुसरा धक्का सासरच्या गावात बसला. जुन्या नाशकात कोकणीपुरा नावाची वस्ती आहे. तिथल्या छत्रीवाल्याकडे मी दर पावसाळ्याच्या तोंडावर छत्री दुरुस्तीला द्यायची. पावतीवर त्याचं आडनाव छापलेलं होतं: कोकणी. एकदा मी गुहागरची असल्याचं सांगितलं, तर चाचांनी स्टूल पुढे केलं. ‘मग आपण गाववाले झालो की!’ त्यांच्या किती पिढ्या नाशकात गेल्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पण आडनावात कोकण शिल्लक होतं.

ही तिसरी कोकणी मंडळी म्हणजे कोकणी मुसलमान. रायगड आणि रत्नागिरीच्या खाड्यांकाठी त्यांची जुनी गावं आहेत. अरबी समुद्रावरच्या व्यापाराशी त्यांचा संबंध शतकानुशतकांचा. घरात बोलतात तिलाही ते कोकणीच म्हणतात. तिचा सांगाडा आपल्या किनाऱ्यावरच्या मराठीचा आणि त्यात अरबी-फारसी शब्दांची पेरणी. यांच्यातली काही घराणी पार दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जाऊन स्थायिक झाली, आणि तिथेही ती ओळखली गेली ती कोकणी म्हणूनच.

तिसरा धक्का मात्र मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. लेकीचं लग्न गोव्यात ठरलं, फोंड्याजवळ. पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं, ‘तुमकां कोंकणी येता न्हय?’ मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘येते की! माहेर कोकणातलंच.’ झालं. त्या सुरू झाल्या आणि मी हसत मान डोलावत राहिले. मध्ये एकदा त्यांनी काहीतरी विचारलं, त्यात ‘फाल्यां’ असा शब्द होता. मी सवयीने ‘हो हो’ म्हटलं. संध्याकाळी बघते तर आमच्या पिशव्या दाराशी भरून तयार: नारळ, सोलां, खाजें. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या. त्यांनी विचारलं होतं, उद्या निघणार का? आणि मी हो म्हणून बसले होते. राहायला तर आम्ही आठ दिवसांसाठी गेलो होतो.

त्या पिशव्या उघडता उघडता आमची खरी ओळख झाली. आम्ही गुहागरकडे जिला कोकणी म्हणतो ती मराठीचीच किनारी बोली. विहीणबाईंची कोंकणी ही स्वतंत्र भाषा. त्या आवर्जून अनुस्वार देऊन म्हणतात, मी बिनअनुस्वाराची. गुहागरात ‘मला’ म्हणतात, मालवणात ‘माका’, गोव्यात ‘म्हाका’. किनाऱ्याने खाली जाताना शब्द पावलापावलाने बदलतो, पण अमुक ओढ्यापाशी मराठी संपली आणि कोंकणी लागली अशी पाटी कुठे नाही. मालवणीची तर फारच गंमत. ‘वस्त्रहरण’ नाटकाने तिला मराठी रंगभूमीवर मानाची जागा मिळवून दिली, आणि जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात ती कोंकणीच्या पोटात मोजली गेली.

जिला आज कोंकणी म्हणतात त्या भाषेला बाहेरच्यांनी कायम हे नाव दिलं होतं असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तिचं व्याकरण लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये गोव्यात रायतूर इथे छापलं गेलं. त्याच्या शीर्षकात भाषेचं नाव आहे ‘कानारी’. 

मग कोंकणी हे नाव अभिमानाने कुणी उचललं? विहीणबाईंच्या कपाटातल्या पुस्तकांमधून आणि जावयाकडून हळूहळू जी माहिती मिळाली, ती माझ्या सुरगाण्याच्या कोड्याशी जुळत गेली. आधुनिक कोंकणी साहित्याचे जनक मानले जाणारे शणै गोंयबाब, म्हणजे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, जन्मले गोव्यात. पण त्यांनी हयात काढली आणि लेखन केलं ते मुंबईत. पहिली कोंकणी परिषद १९३९मध्ये भरली, ती कारवारला. म्हणजे हे नाव आधी गोव्याबाहेर पेटलं आणि मग गोव्यात आलं. तिथे ते राजकारणाच्या ऐन मध्यावर सापडलं. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा प्रश्न होता. ३४,०२१ मतांच्या फरकाने वेगळं राहायचं ठरलं. १९७५मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. राजभाषा कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा ठेवलेली आहे. आमच्या विहीणबाई दिवसभर कोंकणी बोलतात आणि सकाळी चहाबरोबर मराठी वर्तमानपत्र वाचतात. त्यांना यात काही अडचण वाटत नाही.

२०११च्या जनगणनेत कोंकणी मातृभाषा सांगणारे साडेबावीस लाखांच्या आसपास होते. एवढीशी भाषा, पण लिपी किती? देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम, शिवाय अरबी वळणाचीही. जिथे जिथे माणसं गेली तिथली लिपी त्यांनी घेतली. केरळात कोचीला गेलेल्यांना तर तिथे नुसतं ‘कोंकणी’ म्हणूनच ओळखतात. भाषेचं नाव तिथे समाजाचं नाव झालं. त्यांच्यातल्या रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन वैद्यांनी १६७५मध्ये एका डच गव्हर्नराच्या वनस्पतिग्रंथासाठी नागरी लिपीत साक्ष लिहून दिली. तो ग्रंथ, ‘हॉर्टस मलबारिकस’, ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. मलबारच्या झाडापाल्यावरच्या त्या ग्रंथात ती नागरी अक्षरं आजही आहेत.

आता हे सगळे एका रांगेत उभे करून पाहा. सुरगाण्याचे कोकणा, नाशकातले छत्रीवाले चाचा, केपटाउनची कुटुंबं, कोचीचे वैद्य, मुंबईत बसून लिहिणारे शणै गोंयबाब, आणि नाशकात सून म्हणून आलेली मी. धर्म वेगळे, जाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. सारखं काय? यांतलं कुणीच त्या वेळी आपल्या मूळ जागी नव्हतं.

गुहागरला असताना मला कुणी कधी कोकणी म्हटल्याचं आठवत नाही. तिथे आम्ही अमक्या गावचे, तमक्या वाडीतले, खाडीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे. सगळाच गाव कोकणात, तर कोकणी कुणाला म्हणणार? घाट चढला की माणूस कोकणी होतो. माझे काका गिरणीत नोकरीला होते. परळच्या चाळीत ते ‘कोकणी माणूस’. गणपतीला गावी आले की तेच ‘चाकरमानी’. माणूस जिथून आला त्या टोकाचं नाव त्याला चिकटतं. इथे आहे त्याचं नाव कधीच मिळत नाही.

खुद्द कोकण तरी एका जागी कुठे आहे? महसुली कोकण विभागात मुंबईचे दोन्ही जिल्हे धरून सात जिल्हे, आणि गोव्याच्या वेशीवर विभाग संपतो. १९९८मध्ये रोह्यापासून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुरू झालेली ७४१ किलोमीटरची रेल्वे मात्र गोवा आणि कर्नाटकही पोटात घेऊन स्वतःला कोकण रेल्वे म्हणवते. आणि मलबार हिलवर राहणाऱ्याला आपण कोकण विभागात राहतो हे सांगून पाहा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

१९९१च्या जनगणनेत मीही दारोदार फिरले. मातृभाषा विचारली की समोरचा सांगेल तेच लिहायचं, आपली अक्कल चालवायची नाही, असा नियम. नियम मी पाळला. एका दारी ‘कोकणी’ उत्तर आलं, तेव्हा रकाना भरून झाल्यावर न राहवून विचारलं, ‘कुठले हो तुम्ही?’ तो प्रश्न फॉर्मवर नव्हता. त्या घरच्या बाईंनी मला अर्धा तास बसवून घेतलं.

परवा वैशाखात माहेरी गेले होते. सुरगाण्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेलं दोन किलो नागलीचं पीठ बरोबर नेलं. वहिनीने पिशवी उघडून चिमूट जिभेवर ठेवली. ‘नाचणी का? बारीक दळलीय हो छान.’ मी काही बोलले नाही. तेवढ्यात अंगणातून शेजारच्या पोराची हाक ऐकू आली. तो आत कुणाला तरी सांगत होता, ‘अगो, ती नाशिकवाली आत्या आलीय!’