गुरुजींची चूक आणि मुख्याध्यापकाची लेखणी

शेतकरी बंधूंनो, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळी, कृषीच्या विस्तार अधिकाऱ्याने बोंडअळी सोडून आज शाळेचा विषय कशाला काढला, असे तुम्ही म्हणाल. पण फवारणीची माहिती द्यायला गावात गेलो की बोलणे फिरून फिरून शाळेवर येते. ‘एक गुरुजी वेळेवर येत नाहीत, मुख्याध्यापक काही बोलत नाहीत.’ मग कुणी म्हणतो, शाळेला कुलूपच ठोका!

जरा थांबा. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकाला शिक्षकाला निलंबित करता येत नाही. तो अधिकार वरच्यांचा. त्यात दोन-तीन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचा पदभार त्यातल्याच एकाकडे असतो. ज्याच्यासोबत रोज डबा खायचा, त्याला जाब कसा विचारायचा? म्हणून ‘जाऊ द्या, पुन्हा नका करू’ एवढ्यावर भागते. घोळ होतो तो इथेच. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटले तर एका हाताचे काम, नंतर सगळे शिवार भरते.

निलंबनाचा अधिकार नसला तरी मुख्याध्यापकाच्या हातात लेखणी आहे. उशीर झाला तर मस्टरवर त्याच दिवशी नोंद करावी. पहिल्यांदा समज द्यावी. पुन्हा घडले तर लेखी खुलासा मागावा. खुलासा पटण्यासारखा नसेल तर तारीखवार अहवाल केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकाने नियमित व वेळेवर येणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास शिस्तभंगाची कारवाई होते, पण आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. कागद नसेल तर चौकशीत तक्रार टिकत नाही, आणि खोट्या तक्रारीतून चांगला शिक्षकही सुटत नाही.

गावानेही एक बघावे. गुरुजी दिसले नाहीत म्हणजे दांडी मारली असे नव्हे. निवडणूक, जनगणना, आपत्ती निवारण ही कामे कायद्यानेच त्यांच्याकडे आहेत. आधी शाळेचे हालचाल रजिस्टर बघा, मग बोला. आणि बोलायचे ते पारावर नव्हे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि मुख्याध्यापक सचिव असतात. तिथे विषय इतिवृत्तात आला की मुख्याध्यापक एकटे पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचे. लेकराला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे याला कलम १७ ने बंदी आहे. ‘छडीशिवाय विद्या येत नाही’ हे आता विसरा. आणि लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर मुख्याध्यापकाने आपली चौकशी समिती बसवू नये, गावाने बैठक बोलावू नये, ‘गावाची अब्रू’ म्हणून मिटवू नये. पोक्सो कायदा २०१२ नुसार थेट पोलिसांना कळवावेच लागते. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवरील अत्याचार उघड झाला. आरोपी शिक्षक नव्हता, सफाई कर्मचारी होता. तरीही वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर आणि मुख्याध्यापिकेवर गुन्हा दाखल झाला.

अशा वेळी लेकराचे नाव गावभर करू नका. जबाब घरीही घेता येतो, पोलिसांनी गणवेशात येऊ नये असा नियम आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून घ्या.

तेव्हा मंडळी, कुलूप घेऊन शाळेत जाऊ नका. समितीच्या पुढच्या बैठकीला जा, इतिवृत्त वाचायला मागा. बाजारात बियाण्याची पिशवी आपण उलटीपालटी करून, तारीख बघून घेतो. लेकरांची शाळा तेवढी तरी बघायला नको का?