विश्लेषण : सिव्हिल इंजिनीअर लुई व्हिटॉनपर्यंत कसा पोहोचला? काय होता व्हर्जिल अब्लो यांचा ‘तीन टक्के’ नियम?

२८ नोव्हेंबर २०२१ रोजी, रविवारी, डिझायनर व्हर्जिल अब्लो यांच्या इन्स्टाग्राम खात्यावर त्यांच्या निधनाची बातमी आली आणि फॅशनविश्वाला धक्का बसला. ते ४१ वर्षांचे होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते हृदयाच्या दुर्मीळ कर्करोगाशी झुंजत होते, हे बाहेरच्या जगाला त्याच दिवशी कळले. ‘लुई व्हिटॉन’च्या पुरुषांच्या कपड्यांचे ते पहिले कृष्णवर्णीय कलात्मक संचालक. गंमत म्हणजे त्यांच्याकडे फॅशनची पदवीच नव्हती.

मग पदवी कशाची होती?

सिव्हिल इंजिनीअरिंगची. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शिकागोजवळच्या रॉकफोर्ड शहरात घानाहून आलेल्या कुटुंबात अब्लो वाढले. आई शिवणकाम करायची, तिच्याकडूनच ते शिवायला शिकले. वडील रंगांच्या कंपनीत होते आणि मुलाने इंजिनीअर व्हावे, ही त्यांची इच्छा. (हे मराठी घरांत वेगळे समजावून सांगायची गरज नाही.) २००२मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर त्यांनी शिकागोच्या ‘इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’तून २००६मध्ये वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी घेतली. विख्यात वास्तुविशारद मीस फान डेर रोह यांनी आखलेला हा परिसर. तिथे नव्याने उभी राहिलेली विद्यार्थी केंद्राची इमारत रेम कूलहास यांची होती. कूलहास यांनी ‘प्राडा’ची दुकानेही घडवली होती. इमारत आणि कपडे यांच्यात भिंत असायलाच हवी असे नाही, हे अब्लो यांना तिथे उमगले.

फॅशनमध्ये प्रवेश कसा झाला?

रॅपर कान्ये वेस्ट यांच्याबरोबर. २००९मध्ये दोघांनी रोममध्ये ‘फेंडी’त उमेदवारी केली, महिन्याला ५०० डॉलरवर. त्या वेळी फेंडीचे प्रमुख असलेले मायकल बर्क पुढे लुई व्हिटॉनचे प्रमुख झाले आणि मार्च २०१८मध्ये त्यांनीच अब्लो यांची नेमणूक केली. मधल्या काळात २०१२मध्ये ‘पायरेक्स व्हिजन’ आणि २०१३मध्ये मिलानमध्ये ‘ऑफ-व्हाइट’ हे ब्रँड त्यांनी सुरू केले होते.

‘तीन टक्के’ म्हणजे नेमके काय?

अब्लो यांचे म्हणणे साधे होते : लोकांना आधीच ठाऊक असलेली वस्तू घ्या आणि तिच्यात फक्त तीन टक्के बदल करा. पायरेक्स व्हिजनसाठी त्यांनी ‘राल्फ लॉरेन’चे पडून राहिलेले सुमारे ४० डॉलरचे चौकड्यांचे शर्ट घेतले, पाठीवर ‘पायरेक्स २३’ छापले आणि ५५० डॉलरना विकले. ही निव्वळ नफेखोरी वाटते, आणि काही अंशी ती होतीच. पण २०१७मध्ये ‘नायकी’साठी केलेल्या ‘द टेन’ या दहा बुटांच्या मालिकेत हा नियम वेगळा दिसला. ओळखीचे बूट त्यांनी जणू उसवून दाखवले. आतला फोम उघडा ठेवला, वायरी बांधायला वापरतात तसला प्लास्टिकचा टॅग लटकवला आणि ‘एअर’ हा शब्द अवतरणचिन्हांत छापला. ‘आयकिया’साठी केलेल्या लाकडी खुर्चीच्या एका पायाखाली दाराला लावतात तसली पाचर बसवली. खुर्ची नेहमीचीच, पण नजर त्या पायावर अडकते.

ही नक्कल नव्हे का?

हा आरोप अब्लो यांच्यावर अखेरपर्यंत झाला. बेल्जियन डिझायनर राफ सिमन्स यांनी, माणूस म्हणून अब्लो आवडतात पण आपल्याला प्रेरणा देतात ती काही तरी मौलिक आणणारी माणसे, असे सूचकपणे म्हटले होते. २०२०मध्ये वॉल्टर फान बेरेनडोंक यांनी तर उघडच नक्कल केल्याचा आरोप केला. अब्लो यांनी तो नाकारला.

इंजिनीअरिंगमध्ये मात्र आधीच्या आराखड्यावर काम करणे हा गुन्हा नाही. प्रत्येक पूल कोणी शून्यातून शोधून काढत नाही. फक्त ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘रिव्हिजन’चा चौकोन असतो आणि कोणत्या तारखेला काय बदलले, ते तिथे लिहावे लागते. नायकीच्या बुटावरची अवतरणचिन्हे हा तसाच चौकोन होता. मूळ वस्तू कोणाची हे लपवलेले नव्हते. जिथे हा चौकोन कोरा राहिला, तिथे टीकाकारांचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही.

आजार काय होता?

‘कार्डियाक अँजिओसार्कोमा’. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून होणारा हा कर्करोग हृदयात, बहुतेकदा उजव्या कर्णिकेत, वाढतो. हृदयात सुरू होणारे कर्करोग मुळातच फार कमी. धाप लागणे, छातीत दुखणे, थकवा अशी लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसत असल्याने निदान उशिरा होते आणि तोवर तो अनेकदा फुप्फुसांपर्यंत पोहोचलेला असतो. अनेक रुग्णांच्या हाती काही महिनेच उरतात.

अब्लो यांना निदान कळले २०१९मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने विश्रांती घेत असल्याचे सांगून ते पॅरिसच्या शोला गेले नाहीत. लोकांना तो कामाचा ताण वाटला. त्यानंतर त्यांनी दोन ब्रँड सांभाळले. जुलै २०२०मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दहा लाख डॉलरचा ‘पोस्ट-मॉडर्न’ शिष्यवृत्ती निधी उभारला. जुलै २०२१मध्ये ‘एलव्हीएमएच’ समूहाने ऑफ-व्हाइटचा ६० टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. या सगळ्या धावपळीचा अर्थ लोकांना मागाहून लागला.

त्यांच्यामागे काय उरले?

निधनानंतर दोनच दिवसांनी मायामीत लुई व्हिटॉनचा आधीच ठरलेला शो झाला. तिथे अब्लो यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्यात आला. २०२३मध्ये त्यांच्या जागी संगीतकार फॅरेल विल्यम्स आले. ऑफ-व्हाइट मात्र २०२४मध्ये एलव्हीएमएचने विकून टाकले.

जून २०१८मध्ये पॅरिसच्या पॅले-रॉयाल बागेतल्या इंद्रधनुषी धावपट्टीवर लुई व्हिटॉनसाठी त्यांचा पहिला शो झाला, तेव्हा त्यांनी फॅशन शिकणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना बोलावले होते. एरवी अशा शोच्या दारातूनही या मुलांना आत डोकावता येत नाही. शिष्यवृत्ती आजही दिली जाते. आणि २०१७मध्ये हार्वर्डच्या वास्तुकला विद्यार्थ्यांसमोर अब्लो यांनी दिलेले व्याख्यान, ज्यात आपली सगळी युक्ती त्यांनी उघड करून सांगितली आहे, ते इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते.