पाय किती सरळ असावा?

उतारवयात अनेकांचे पाय गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकलेले दिसतात. ‘वय झाले की असे व्हायचेच’ असे म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली की हाच पाय सरळ दिसू लागतो. पण सरळ म्हणजे नेमका किती सरळ? आणि तो पुढे तसाच राहतो का?

प्रथम सरळपणा मोजायचा कसा ते पाहू. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेषा कल्पू. तिला भाररेषा म्हणू. ती गुडघ्याच्या मध्यातून गेली, म्हणजे या तिन्ही बिंदूंमधील कोन १८० अंश झाला, की पाय सरळ. वर्गात ४० सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या टोकाशी खिळ्याने जोडा. मोकळ्या टोकांना इलॅस्टिक ताणून बांधा. हीच आपली भाररेषा. आता जोड थोडा वाकवा आणि तो इलॅस्टिकपासून किती दूर जातो ते मोजा. दर अंशामागे हे अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटरने वाढते. १० अंश वाकवल्यास ते साडेतीन सेंटिमीटर होते. नडगीच्या हाडाचे वरचे टोक सात-आठ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे एवढ्या बाकाने भाररेषा सांध्याच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचते.

हा कोन जन्मभर एकच नसतो. तान्ह्या बाळाचे पाय बाहेर वाकलेले असतात. दीड-दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात, तीन-चार वर्षांचे असताना गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि सातव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी ठेवण येते. उतारवयातील बदल मात्र वेगळा. आतल्या बाजूची कूर्चा झिजली की तेथील फट कमी होते, पाय बाहेर वाकतो, भाररेषा आणखी आत सरकते आणि झीज वाढते. हे दुष्टचक्रच आहे. अमेरिकेतील २००१ सालच्या एका अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्यांची दीड वर्ष पाहणी केली. पाय बाहेर वाकलेल्यांमध्ये आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली.

हे चक्र शस्त्रक्रियेने तुटते. झिजलेले पृष्ठभाग कापून तेथे धातू व पॉलिथिलीन बसवतात. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचा सांधा वापरात आला. तेव्हापासून रूढ झालेला नियम असा, की कोन १८० अंशांच्या तीन अंश अलीकडे-पलीकडे असावा. याला आधारही मिळाला. इंग्लंडमध्ये १९७६ ते १९८१ या काळात बसवलेल्या ११५ सांध्यांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. भाररेषा सांध्याच्या मधल्या तिसऱ्या भागातून जात असेल तर ३ टक्के सांधे सैल झाले होते, नसेल तर २४ टक्के.

पण २०१० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८५ ते १९९० मधील ३९८ सांध्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. मर्यादेतील २९२ पैकी ४५, तर मर्यादेबाहेरील १०६ पैकी १४ सांधे पुन्हा बदलावे लागले. शेकडेवारी काढून पाहा : १५.४ आणि १३.२. नियम पाळण्याचा फायदा दिसला नाही! पुढे २०१२ साली बेल्जियममध्ये २५० निरोगी तरुणांचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत व १७ टक्के स्त्रियांत तीन अंश किंवा त्याहून जास्त बाक मुळातच होता. अशा माणसाचा पाय १८० अंशांवर आणणे म्हणजे त्याला कधीच नसलेला पाय देणे. म्हणून काही शल्यविशारद आता रुग्णाची मूळ ठेवण लक्षात घेतात. हा वाद अजून मिटलेला नाही. मोठा बाक तसाच ठेवावा, असा याचा अर्थ मात्र नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही भूमितीतच आहे. सात सेंटिमीटर रुंदीच्या सांध्यात एका बाजूचे पॉलिथिलीन एक मिलिमीटर झिजले, किंवा ती बाजू हाडात तेवढी रुतली, तर कोन सुमारे ०.८ अंशाने बदलतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या एकाच क्ष-किरण चित्रावर विसंबून चालत नाही. काही वर्षांच्या अंतराने काढलेली चित्रे ताडून पाहावी लागतात. ती उभ्याने, खुब्यापासून घोट्यापर्यंत आणि गुडघा दर वेळी समोर ठेवून काढलेली हवीत. गुडघा थोडा वाकलेला असताना पाय आत-बाहेर वळला, तरी चित्रातील कोन बदललेला दिसतो.

शस्त्रक्रियेनंतर आजोबांच्या पायाला दोन-तीन अंशांचा बाक उरला, तर तेवढ्यावरून ती फसली असे ठरत नाही. तो बाक वर्षागणिक वाढतो आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.