हौशी मल्लाची कमाई

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात काय किंवा पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात काय, कुस्ती म्हटली की लाल माती आणि जिंकणाऱ्याच्या हाती पडणारे इनाम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ऑलिंपिकमधील कुस्ती मात्र त्या काळी ‘हौशी’ मल्लांसाठीच होती. हौशी म्हणजे कच्चा नव्हे; पैशासाठी न लढणारा, एवढाच त्याचा अर्थ. मग अशा मल्लाने परदेशच्या प्रवासाचा खर्च कोठून आणावा?

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत. १९४८ साली लंडनला जाण्याचा त्यांचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे खाली माती नव्हे, गादी! आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याला आसमान दाखविले की कुस्ती निकाली. गादीवर वेळेचे बंधन आणि पंचांचा कौलही सांभाळावा लागतो. हे सारे नवे असूनही ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले.

१९५२ साली हेलसिंकीचा प्रश्न अधिक बिकट होता. वर्गणी गोळा करून भागेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य विरळाच म्हणावयाचा.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविले. जपानच्या इशी यांच्याकडून मात्र ते हरले. त्यानंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावयास लावले आणि त्यांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे सांगतात. तीही कुस्ती गेली. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे यावयास १९९६ साल उजाडले.

परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीने कर्ज फिटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे पैसे परत केले. १९५५ साली ते पोलीस दलात फौजदार झाले आणि साहाय्यक आयुक्तपदापर्यंत चढले. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणोत्तर, २००० सालचा.