गोदाकाठची वाईन : दोन छाटण्या, एक पीक

मोहन्याजवळच्या आंबिवलीहून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग पुढे थळ घाट चढतो आणि पूर्वेकडे जाता जाता मुसळधार पावसाचा पट्टा मागे पडतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे पाणी भातसा, काळू या नद्यांमार्फत उल्हास नदीला मिळते, तर पूर्वेला ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. तिच्या आणि कादवेसारख्या उपनद्यांच्या खोऱ्यात, सुमारे ६०० मीटर उंचीवर, वाईननिर्मितीचे भारतातील सर्वांत मोठे केंद्र आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

युरोपात द्राक्षवेल कडाक्याच्या थंडीत पाने गाळून सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची काढणी होते. नाशिकला तेवढी थंडी नसते. इथे वेलीचा हंगाम ठरवते ती बागायतदाराची कात्री. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती सुरू होते. पावसाळा सरताना गोडी छाटणी केली जाते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाईड लावतात. छाटणीची वेळ अशी साधल्याने फळ कोरड्या महिन्यांत पिकते आणि केवडा रोगाचा धोका घटतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते, गार रात्रींमुळे आम्लता टिकते. जानेवारी ते मार्च हा काढणीचा काळ.

खाण्याच्या थॉमसन सीडलेसपेक्षा वाईनच्या द्राक्षांचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात. इथले प्रमुख वाणही मूळचे नदीकाठचेच आहेत. शेनिन ब्लाँ फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातले, शिराझ रोन नदीच्या खोऱ्यातले, तर कॅबर्ने सोविन्यों गॅरोन नदीकाठच्या बोर्दो परिसरातले. हे काळे द्राक्ष कॅबर्ने फ्रां आणि पांढरे सोविन्यों ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मल्याचे १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झाले. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस मात्र जवळपास रंगहीन असतो. तो सालींसकट आंबवला की वाईन लाल होते.

गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँची लागवड केली. त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर झाले आणि विंचूरला वाईन पार्क उभे राहिले. खाण्याच्या द्राक्षांवर दोन छाटण्यांचे तंत्र नाशिकच्या बागायतदारांनी आधीच घोटलेले असल्याने, नव्या वाणांसाठी ते बाहेरून आणावे लागले नाही.