रंगात अडकलेला नाकतोडा

छापील चित्र पाहून मूळ चित्र पाहिल्याचे समाधान आपण पुष्कळदा मानून घेतो. उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच्या निसर्गचित्रांबाबत मात्र हे समाधान फसवे आहे, असे आम्हांस वाटते. गुळगुळीत कागदावर त्याचे रंग उतरतात. रंगाची जाडी, तिचे उंचवटे आणि त्या उंचवट्यांच्या बारीक सावल्या उतरत नाहीत.

१८८९ च्या मे महिन्यात हा डच चित्रकार दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात स्वेच्छेने दाखल झाला. प्रकृतीला उतार असला, की तो भोवतालच्या ऑलिव्हच्या बागांत चित्रे काढी. रंगांच्या नळ्या व कॅनव्हास त्याचा धाकटा भाऊ थिओ पॅरिसहून पाठवी. भावाच्या पैशांवर जगत असूनही रंग लावताना त्याने हात आखडला नाही. सारवलेल्या जमिनीवर बोटांचे वळसे उमटून राहावेत, तसे त्याच्या कुंचल्याचे फटकारे आजही दिसतात. रंग हे त्याच्या लेखी दृश्यावर चढविलेले वस्त्र नव्हते. तीच त्याची माती होती.

अमेरिकेत कॅन्सस सिटी येथील नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात त्याचे १८८९ चे ‘ऑलिव्ह वृक्ष’ हे चित्र आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते तपासताना खालच्या भागातील रंगात एका नाकतोड्याचे अवशेष आढळले. ही गोष्ट २०१७ मध्ये जाहीर झाली. रंगात धडपडीच्या खुणा नव्हत्या. म्हणजे चिकटण्यापूर्वीच तो मेलेला होता. १८८२ मध्ये हॉलंडमधील शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर, वादळी वाऱ्यात रंगविलेल्या समुद्राच्या चित्रातही वाळूचे कण रुतलेले आहेत. ज्या भूमीचे चित्र, तिचाच अंश त्यात उतरला!

परंतु द्रव्य म्हटले, की झीज आलीच. त्याने वापरलेले काही तांबडे रंग उजेडाने विटतात. ‘ऑलिव्ह वृक्षां’तील सावल्या पूर्वी अधिक जांभळ्या होत्या. याची कल्पना त्यालाही होती. नवे रंग टिकाऊ नाहीत, तेव्हा ते धीटपणे, भडकच लावावेत; काळ त्यांना नको तितके सौम्य करीलच, अशा आशयाचे पत्र त्याने १८८८ मध्ये थिओला लिहिले होते. १८९० च्या जुलैत, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो निवर्तला.

म्हणून मूळ चित्रासमोर उभे राहण्याचा योग आलाच, तर रसिकांनी जरा बाजूला सरकून ते तिरप्या नजरेनेही पाहावे. रंगाचे ते उंचवटे उजेडात दिसू लागले, की चित्रकाराचा हात नुकताच तेथून उचलला गेला असावा, असे वाटू लागते.